सुंदराआत्याचा अंगठा

माझी जन्मतारीख कुणाला ठाऊक नाही, पण त्या कुत्र्याच्या पिल्लाची मात्र शिक्क्यासकट कागदावर होती. आधी हे ऐका, मग बाकीचं सांगते.

सन सेहेचाळीसची गोष्ट. शिळफाट्याच्या वरच्या अंगाला एका गोऱ्या साहेबाचा बंगला होता. माझी आत्या सुंदरा तिथं अकरा वर्षं राबली. आईबाप गेल्यावर मला तिनंच वाढवलं. साहेब कायमचा विलायतेला निघाला आणि चार महिन्यांचं पिल्लूही न्यायचं ठरलं. झालं, बंगल्यात लगीनघाई. पिल्लाला औषधी साबणानं आंघोळ काय, वाण्याच्या तराजूत वजन काय, छातीवरचा पांढरा ठिपकासुद्धा कागदावर लिहिला. सुलेमानचाचाच्या टांग्यातून आत्या त्याला कर्जतला गुरांच्या डॉक्टरकडे घेऊन गेली, वर छत्री धरून. पिसाळू नये म्हणून त्याला सुई टोचली. आमच्या वाडीत देवीची लस टोचायला कुणी वर्षानुवर्षं फिरकत नव्हतं. माझा जीव आजही जळतो.

तो डॉक्टर माणूस चांगला. आत्याला म्हणाला, "बाई, सुईचा गुण यायला महिना लागतो. तोवर हे कुणाला चावलं तर दहा दिवस नजरेसमोर ठेवा. कुत्रं धडधाकट राहिलं तर माणसाला भीती नाही. ते डोळ्याआड गेलं तर मात्र माणसाच्या पोटात चौदा सुया."

सुई टोचून आणली आणि दुसऱ्याच दिवशी एक पिसाळलेलं कुत्रं कुंपणातून शिरून पिल्लाशी झटापट करून गेलं. त्याला तीन आठवडे झाले आणि साहेबाची बोट चार दिवसांवर आली असताना पिल्लानं, काही कारण नसताना, माझ्या पोटरीला दात लावले. भळाभळा रक्त आलं. मी सहा वर्षांची होते.

आमच्याकडे कुत्रं चावलं की सात विहिरींत डोकावून यायचं. आत्या घाबरली, डॉक्टरचं बोलणं विसरली. जखमेत मिरचीपूड दाबून मला काखोटीला मारलं आणि विहिरी हिंडायला लागली. आसपास विहिरी सहाच. सातवी साहेबाच्या बागेत. या शहाणीनं भर दुपारी मला तिथं नेऊन कठड्यावर वाकवलं. साहेब व्हरांड्यात बसलेला. बाई पोर विहिरीत टाकतेय की काय म्हणून धावत आला, आणि सगळं बाहेर पडलं.

आणि त्या भल्या माणसानं काय करावं? माझ्या पोटरीकडे बघितलंसुद्धा नाही. आत जाऊन कागद घेऊन आला. शेवटचा कागद राहिला होता. हे पिल्लू कुणालाही चावलेलं नाही, असं त्यावर लिहिलेलं, आणि खाली सांभाळणाऱ्याचा अंगठा हवा होता. सांभाळणारी म्हणजे आत्या.

"सुई दिया है. लडकी को कुछ नहीं होगा. अंगूठा लगाव," साहेब म्हणाला.

तेव्हा आत्याला कर्जतच्या डॉक्टरचं बोलणं आठवलं. ती म्हणाली, "मग तसंच लिवा की, साहेब. चावलं, पन पोरीला कायबी व्हनार नाय, असं लिवा. मी दोनी अंगठे देते."

"ऐसा लिखा तो कुत्ता नहीं जाएगा."

"मग धा दिस त्याला हितं ऱ्हाऊ द्या. नायतर पोरीच्या सुयांचं बघा."

साहेब दोन्हीला तयार नाही. त्यानं शाईची गादी पुढं सरकवली. आत्यानं अंगठा मुठीत दाबला, मूठ पदराखाली घेतली आणि तशीच उभी राहिली. अकरा वर्षांत त्या बाईनं साहेबाला एकदाही नाही म्हटलं नव्हतं.

अंगठ्याशिवाय डॉक्टर सही देईना. साहेब पिल्लाला इथंच टाकून गेला. जाताना मात्र आत्याच्या हातात एक पाकीट दिलं, दुसऱ्या साहेबाला दाखव म्हणाला. आत्या हरखली. बंगल्यांतून काम मिळवायचं तर असली चिठ्ठी लागायची.

दहा दिवस पिल्लू आमच्या दारात बांधलेलं होतं. आत्या त्याच्यापुढे पाण्याची परात ठेवायची आणि ते पितंय का बघत बसायची. अकराव्या दिवशी सकाळी ते पाणी प्यालं, शेपूट हलवलं, तेव्हा तिनं मला जवळ ओढलं आणि मोठ्यानं रडली. वाडीतले शहाणे म्हणाले, बघ, कुत्र्याला काय नाय, पोरीला काय नाय, उगाच सोन्यासारख्या साहेबाची मर्जी घालवलीस. त्यांच्या पोरीला चावलं असतं म्हणजे कळलं असतं.

पुढं दोन वर्षं आत्या ती चिठ्ठी घेऊन फिरली. खोपोली, चौक, कर्जत. लोक वाचायचे, तिच्याकडे बघायचे आणि दार लावून घ्यायचे. आम्हाला वाटायचं, आमचं नशीबच फुटकं. शेवटी कर्जतच्या एका डॉक्टरीणबाईंना दया आली. त्यांनी ती मराठीत वाचून दाखवली: ही बाई खोटारडी आहे, हिला कामावर ठेवू नये.

मी तिथंच रडायला लागले. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "फाडून टाका हो."

आत्यानं चिठ्ठी उलटसुलट करून बघितली.

"बाई, ह्याच्यावर अंगठा कुनाचा हाय?"

"अंगठा नाही. साहेबाची सही आहे."

"मग खोटं त्याचं हाय, माजं नाय," आत्या म्हणाली. चिठ्ठी तिथल्याच चुलीत टाकली आणि माझा हात धरून शेजारचं दार वाजवायला गेली.