शेवटच्या भोंग्याखालचं नाव

साल एकोणीसशे ब्याऐंशी. मी सत्तावीस वर्षांचा. त्या साली मी एक काम केलं आणि ते आजपर्यंत कुणाला सांगितलं नाही. बायको गेली, तिलाही नाही. देवळात जातानाही ते मी बाहेरच ठेवायचो, चपला ठेवतात तसं. येताना परत पायात.

आज तुला सांगतो. तू कोण, मला माहीत नाही — बरंच आहे. बस जरा.

आधीच सांगतो, मी शिकलेला नाही. चौथीपर्यंत कन्नड शाळा. मास्तरांनी कान पिळला, त्याच दिवशी पाटी घेऊन घरी आलो, परत गेलो नाही. वडिलांनी मारलं, तरी नाही. मराठी आईकडून आली, बोलायची आणि लिहायचीही. आमचे लोक बेंगळुरात कधी आले ते आजोबांनाही सांगता यायचं नाही. घरात मराठी, उंबऱ्याबाहेर कन्नड, एवढंच ठाऊक. निशा हसते माझ्या बोलण्याला. म्हणते, "तुकोजीकाका, तुम्ही मराठी बोलता, की कन्नडला मराठी टोपी घालता?"

ही निशा पुण्याची. एचएसआर लेआउटमध्ये कंप्युटरचं काम करते आणि सुट्टीच्या दिवशी जुने आवाज गोळा करत फिरते. रेडिओवरची नाटकं, सभांची भाषणं, ज्या टेपा लोक भंगारात टाकतात त्या. माझ्याकडे आली ती धन्यांसाठी.

धनी — त्यांना सगळं शहर असंच म्हणायचं. खरं नाव मी इथं लिहीत नाही. माझ्या खोटेपणाच्या शेजारी ते नाव नको. आधी रेडिओत होते, मग सिनेमात, मग राजकारणात. पण मला विचारशील तर माणूस एकच होता आणि तो त्यांच्या आवाजात राहायचा.

आमच्या घरी व्हॉल्व्हचा रेडिओ होता. चालू केला की लगेच बोलायचा नाही. आधी तापायचा, मग त्याचा हिरवा डोळा उघडायचा, मग आवाज. नाटकात धनी म्हातारा बाप झाले की माझी आई भाकरी थापायची थांबायची. तवा तापतोय, पीठ हातात, आणि ती बघतेय रेडिओकडे! मी त्यांचा श्वास शिकलो. शब्द कुणीही पाठ करील; मी श्वास पाठ केला. मोठा शब्द यायच्या आधी ते नाकानं हळूच हवा घ्यायचे आणि वाक्याचं शेपूट खाली सोडायचे, बादली विहिरीत सोडावी तसं. बसवनगुडीत चहाच्या दुकानात मी त्यांचा आवाज काढला की लोक पाठीमागे वळून बघायचे. खोटं नाही सांगत. म्हणजे — हे खोटं नाही सांगत.

पुढे राजाजीनगरात मी आणि मुनियप्पानं मिळून दुकान टाकलं. रेडिओ दुरुस्ती, आणि लग्नाला, सभेला माइकसेट. मी अँप्लिफायरपाशी बसायचो, मुनियप्पा भोंगे बांधायचा. खांबावर तो असा चढायचा की माकडानं लाजावं. मला अण्णा म्हणायचा. वयानं आम्ही सारखेच, पण म्हणायचा. मीही म्हणू द्यायचो.

धन्यांच्या सभा आम्हालाच मिळायच्या. आणि बाबा, काय माणूस! बाकीचे पुढारी माइकवर टकटक करायचे, फू फू करायचे, हॅलो हॅलो. धनी कधी नाही. ते उभे राहायचे, पहिला शब्द हळू बोलायचे — "मक्कळे", म्हणजे लेकरांनो — आणि थांबायचे. कशासाठी? तो शब्द मैदानाच्या टोकाला जाऊन शेवटच्या भोंग्यातून परत ऐकू येईपर्यंत. शेवटच्या भोंग्याखाली उशिरा आलेली, मोलमजुरी करून आलेली माणसं असतात. त्यांना ऐकू येत नाही तोवर दुसरा शब्द नाही. मंत्री झाल्यावरही हेच. तू असा पुढारी बघितलास कुठं? मी दुसरा बघितला नाही.

पण इतकी वर्षं त्यांच्या पायाशी बसूनही ते माझ्याशी कधी बोलले नव्हते. हसायचे, हात जोडायचे. बोलणं नाही. मला वाटायचं, बोलतील एक दिवस. नाव विचारतील. हे मनात किती होतं ते त्या संध्याकाळपर्यंत मलाही कळलं नव्हतं.

मैदान भरलेलं. टेपरेकॉर्डरला नवी कॅसेट लावून मी रेकॉर्डचं बटण दाबून ठेवलं, पण त्यावर पॉजचंही. भाषण सुरू झालं की पॉज उचलायचा, म्हणजे टेप फुकट जात नाही. धनी उठले. "मक्कळे." थांबले. शब्द परत आला नाही. शेवटचा भोंगा मेला होता.

मुनियप्पा धावला. खांबावर चढला, अंधारू लागलेलं, तार उघडी. मी इथून बघतोय. एकदम तो भोंगा कडाडला, धन्यांचा श्वास त्यातून ऐकू आला आणि त्याच क्षणी मुनियप्पा खाली पडला.

धनी स्टेजवरून उतरून गेले त्याच्याकडे. स्वतःच्या गाडीत घालून दवाखान्यात पाठवलं. परत येताना माझ्यापाशी थांबले, खाली वाकले. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. त्यांच्या कपाळावरचा घाम मला दिसला. म्हणाले, "काय नाव?"

मी म्हणालो, "तुकोजी."

ते म्हणाले, "त्याचं."

बघ, एवढंच. एवढ्याशा शब्दानं माणूस जळतो का? मी जळलो. म्हणालो, "मुनियप्पा."

मग ते माइकवर जाऊन बोलले. कन्नडात बोलले, मी तुला आपल्या भाषेत सांगतो. अक्षर हललेलं नाही: "रेडिओत होतो, सिनेमात होतो, माझा आवाज तुमच्यापर्यंत कुणीतरी आणत होतं. तो माणूस मला कधी दिसला नाही. आज दिसला. आज तो माझ्यासाठी खांबावरून पडला. मुनियप्पा त्याचं नाव. माझं बाकीचं भाषण विसरलात तरी चालेल, हे नाव विसरू नका."

सगळं मैदान उठून उभं राहिलं. पुढचं भाषण — त्यांचं सगळ्यात मोठं भाषण तेच. झोपडपट्टीत नळ का पाहिजे, पाणी भरणाऱ्या बाईची कंबर का मोडते, यावर तासभर, आणि बायका रडत होत्या, पोलीस रडत होते. मी रडत होतो. तोंड उघडं टाकून ऐकत होतो. संपल्यावर कॅसेट बघतो तर — पॉज तसाच. टेप जागची हललेली नाही.

आता तू म्हणशील, सांगून टाकायचं होतं, चूक झाली म्हणून. बरोबर. पण मी धन्यांचा माइकवाला! पार्टीचा सेक्रेटरी दारात उभा, टेप मागतोय. मी चुकलो हे माझ्या तोंडून निघणार? निघालं नाही. म्हणालो, उद्या देतो.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी दुकानाचं शटर आतून ओढलं. पाण्याचं रिकामं पिंप आडवं केलं, त्यात भोंगा ठेवला, म्हणजे मैदानासारखा आवाज घुमेल. जुन्या सभेच्या टेपेतल्या टाळ्या घेतल्या. आणि माइक हातात घेऊन मी धन्यांचं भाषण बोललो. सगळं पाठ होतं, ऐकता ऐकताच झालं होतं. "मक्कळे" म्हणून थांबलोसुद्धा. ज्या थांबण्याचं आज निशा आणि तिची मंडळी एवढं कौतुक करतात ना — ते शटरच्या आत, पिंपापुढे, घामानं भिजून मी थांबलोय.

हो. तू फोनवर ऐकतोस ते भाषण धन्यांचं नाही. माझं आहे.

पण मी सांगायला बसलोय ते हे नाही. हे सांगताना तर मला, लाज वाटण्याऐवजी, आत कुठेतरी छाती फुगल्यासारखं होतंय. बघ मी कसा आहे ते.

पहिल्यांदा मी ते नाव बरोबर घेतलं. खरंच. मुनियप्पाच म्हणालो. तेवढ्यात बाहेर बसनं हॉर्न मारला, टेप बिघडली. परत सुरू केलं. आणि त्या जागी आलो तेव्हा नाकानं हवा घेतली, आणि धन्यांच्या आवाजात म्हणालो — "माझ्या पायाशी बसून हा माझा आवाज तुमच्यापर्यंत पोहोचवतो. तुकोजी त्याचं नाव. हे नाव विसरू नका." खांब नाही, पडणं नाही, मुनियप्पा नाही.

जीभ घसरली असं म्हणू का? नाही घसरली. टेप मागे फिरवून ऐकली. धनी माझं नाव घेत होते. पुसायला एक बटण पुरे होतं. मी शटर उघडलं.

त्यानंतर काय काय मिळालं मला! सासऱ्यानं मुलगी दिली ती टेप ऐकून. दुकानावर पाटी लागली. सभेला गेलेल्या एकदोघांनी विचारलं, "तुकोजी, त्या दिवशी दुसरंच कुठलं तरी नाव घेतलं होतं ना रे?" मी म्हणायचो, "टेप ऐक ना." ऐकायचे, आणि डोकं खाजवत जायचे. धनी स्वतः थोड्याच वर्षांत गेले. त्यांच्या अंत्ययात्रेला मी चालत गेलो, मान खाली. लोकांना वाटलं दुःख.

आणि मुनियप्पा? त्याचा डावा हात परत सरळ झाला नाही. खांब बंद झाले. त्यानं मागच्या गल्लीत फुलांचं दुकान घातलं. धन्यांच्या गाडीची गोष्ट तो जन्मभर सांगायचा. म्हणायचा, "सीट पांढरी होती, रक्त लागेल म्हणून मी अंग चोरून बसलो होतो, धन्यांनी स्वतः दार लावलं." लोक हसायचे. त्याचा नातू म्हणायचा, "अज्जा, टेपेत तर तुझं काहीच नाही! धनी तुला गाडीत घालतील आणि एक शब्द बोलणार नाहीत?" तो माझ्याकडे बघायचा. "अण्णा, तू होतास ना? सांग की यांना." मी म्हणायचो, "होतो, होतो, गाडी होती खरी." एवढंच. आणि पान लावायला घ्यायचो. हे एकदा झालं का? तो हार ओवत बसायचा आणि मी रोज संध्याकाळी त्याच्या बाकावर. मागच्या वर्षी तो गेला. खांदा देताना पुढचा मान मला मिळाला, अण्णा म्हणून.

निशानं ती टेप साफ करून घेतली. जुने आवाज जमवणाऱ्यांचं तिचं मंडळ आहे, त्यांच्या अंकासाठी मला म्हणाली, "काका, त्या टेपची गोष्ट लिहा ना. तुमचं नाव येतं तिथं धनी किती मायेनं बोललेत! बाकी भाषणात असा आवाजच नाही त्यांचा." बरोबर ऐकलंस, पोरी. त्या नावावर तेवढं प्रेम करणारा एकच माणूस होता.

म्हणून लिहिलं. मराठीत लिहिलं, कारण माझ्या गल्लीत ती कुणाला वाचता येत नाही — आधी असंच मनात होतं, तेही लपवत नाही. पण हा कागद निशाच्या हातात दिला की मागच्या गल्लीत जायचं आहे, मुनियप्पाच्या बायकोकडे, लक्ष्मम्माकडे. तिला कन्नडात सांगायचं आहे, नातवाच्या समोर. ती काय म्हणेल ते म्हणेल.

आता ती सकाळ राहिली. शटर उघडल्याच्या दुसऱ्या दिवशीची.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी टेपरेकॉर्डर काखेत मारून सरकारी दवाखान्यात गेलो. मुनियप्पाचा एक हात प्लास्टरात, दुसऱ्याला पट्ट्या. मला बघून उठायला लागला. "आणलीस अण्णा? लाव लाव. स्वल्प मोठ्यानं लाव, सगळ्यांना ऐकू दे." मी स्टुलावर ठेवून लावली. "मक्कळे" आलं तसे त्यानं डोळे मिटले. मग ते नाव आलं. डोळे उघडून तो माझ्याकडे बघत राहिला. मी भिंतीकडे. आणि तो ओरडला, "अण्णा! तुझं नाव! धन्यांनी तुझं नाव घेतलं!" शेजारच्या खाटेवरच्या म्हाताऱ्याला म्हणाला, "हाच तो तुकोजी. हा बघा. माझा अण्णा." टाळ्या वाजवायला गेला, प्लास्टरवर पट्ट्या आपटल्या, कळवळला, तरी हसत होता.

टेप संपली. जरा वेळानं हळूच म्हणाला, "माझं काही... नाही ना?" आणि मी तोंड उघडायच्या आत स्वतःच म्हणाला, "सरी, सरी. बरोबरच आहे. मोठी माणसं. किती जणांची नावं घेणार ते."

मग म्हणाला, "तुझ्या नावाचं परत लाव."

मी टेप मागे फिरवली आणि परत लावली.