स्टोरेजवाले काका आणि माझे बेडूक

आमच्या संशोधन संस्थेतल्या स्टोरेजवाल्या काकांइतका संशयी माणूस अख्ख्या मुंबईत शोधून सापडायचा नाही. आम्हा सगळ्यांचा वर्षानुवर्षांचा डेटा सांभाळायचं काम त्यांचं. प्रत्येक फाइलच्या तीन कॉप्या: एक इथे, दुसरी शेजारच्या इमारतीत, तिसरी टेपवर, साकीनाक्याच्या ऑफिसातल्या कपाटात. आणि विश्वास एकीवरही नाही! "परत काढून बघितली नाही, तोवर ती कॉपी नाही, अफवा आहे," असं म्हणत दर महिन्याला ते कोणाला तरी धरून आणणार, त्याचं फोल्डर टेपवरून काढणार आणि "सगळं आहे ना रे?" म्हणून छळणार. घरीही तेच. कांदिवलीच्या घराची जादा किल्ली शेजाऱ्यांकडे असते; ती लागते का हे बघायला काका अधूनमधून मुद्दाम दार ओढून बाहेर उभे राहतात. एकदा शेजारीच गावाला गेलेले! काकूंसकट तीन तास जिन्यात. वर हे खूश, "बरं झालं, आज कळलं!" काकूंसमोर 'बॅकअप' हा शब्द काढायची तेव्हापासून कोणाची टाप नाही.

मीही त्यांची यथेच्छ टिंगल केली, आणि माझीच वाट लागली. दिंडोशीच्या मागच्या डबक्यांवर नऊ वर्षं फिरून मी बेडकांचे आवाज जमवले होते. सर्व्हरवरची जागा रिकामी करताना मीच माझ्या हाताने नेमकं तेच फोल्डर उडवलं. कळलं दोन दिवसांनी. शेजारच्या इमारतीतली कॉपी रोज संध्याकाळी इथल्यासारखी होते, त्यामुळे तिथूनही बेडूक गायब. उरली टेप. ती तपासायला काकांनी कितीदा बोलावलं होतं, आणि दर वेळी मी "काका, नंतर ना" म्हणून सटकले होते.

"रडू नको गं, पाणी पी," म्हणत काका स्वतः साकीनाक्याहून टेप घेऊन आले. त्यांनी ती मशीनमध्ये घातली. मला इतकी भीती कधीच वाटली नव्हती. दीड तासाने पहिली फाइल उघडली आणि खोलीभर डरांव डरांव! मी आनंदाने ओरडलेच.

काका मात्र खुर्चीत बसून राहिले. इतकी वर्षं सांभाळलं, पण त्यातलं काही ऐकलं ते आज पहिल्यांदा. "आमच्या गावच्या घरामागे ओढा होता, त्या व्हाळात असेच ओरडत," ते म्हणाले. "आता घर बंद. व्हाळ पण लोकांनी बुजवलो." मग हळूच म्हणाले, "त्याची कॉपी कोणी काढूक नाय गं." मी आवाज थोडा वाढवला आणि त्यांच्या शेजारी बसले.