पूर्णेत सोडलेला नारळ

परभणीत राहून मला आता इतकी वर्षं झाली, की इथल्या उन्हाला नावं ठेवण्याचा हक्क मी रीतसर कमावला आहे. तरी कुणी "मूळच्या कुठल्या?" म्हणून विचारलं की माझी मान आपोआप ताठ होते आणि मी "रत्नागिरीची" म्हणते. समोरचा लगेच आंब्यांची चौकशी करतो. समुद्राबद्दल कुणी विचारत नाही. मग मीच न विचारता सुरू होते आणि नवरा वर्तमानपत्र उघडून तोंडासमोर धरतो. ते कालचं असलं तरी त्याला चालतं.

आमच्या गावात दोन समुद्र होते. एक काळा, एक पांढरा. पाणी दोन्हीकडे एकच, वाळूचा रंग तेवढा वेगळा, पण आम्ही पोरं ते दोन वेगळेच समुद्र धरून चालायचो. पांढऱ्यावर शिंपले वेचायला जायचं आणि काळ्यावर, म्हणजे मांडवीला, नुसतं बसायला. शाळेतून घरी यायला सरळ रस्ता होता, तरी आम्ही मांडवीवरून वळसा घालून यायचो. दप्तरात वाळू, वेणीत वाळू, अंथरुणात वाळू. आई म्हणायची, "भातात तेवढी नको आणूस, बाकी कुठंही आण." खारा वारा कशालाच सोडत नसे. दाराच्या बिजागऱ्या गंजायच्या, सायकली गंजायच्या, पावसाळ्यात मीठ बरणीतच पाझरायचं आणि काडेपेटीतल्या काड्या नुसत्या मऊ पडायच्या. या सगळ्याचा आम्हाला तेव्हा मनस्वी कंटाळा यायचा. आता परभणीत कडकडीत वाळलेलं मीठ चमच्यानं सुळसुळ पडतं, तेव्हा मला उगाच चुकल्यासारखं होतं.

बाबा बंदराच्या कचेरीत कारकून होते. वारा, पाणी, भरती-ओहोटी हा त्यांचा पोटापाण्याचा विषय आणि आवडीचाही. नारळी पौर्णिमेला ते सकाळपासूनच लग्नघरातल्यासारखे लगबगीत असायचे. होड्या पावसाळाभर माडाच्या झापांखाली शाकारलेल्या असत, समुद्र मातकट होऊन उसळत असे. संध्याकाळी सोनेरी कागद लावलेला नारळ घेऊन आम्ही सगळे मांडवीला जायचो. ताशे, गर्दी, नव्या साड्या. बाबा गुडघाभर पाण्यात उतरून नारळ सोडायचे आणि ओंजळभर पाणी डोळ्यांना लावून म्हणायचे, "पुरे झाला आता, शांत हो." खरं तर लाट तो नारळ लगेच परत आणायची आणि टपून बसलेली पोरं झडप घालून तो पळवायची. एकदा माझ्या भावानं दुसऱ्या कुणाचा समजून आमचाच नारळ घरी आणला. बाबा म्हणाले, "देवान नको म्हटल्यान, खाऊया." त्याच्या वड्या आईनं केल्या. तेवढ्या चांगल्या वड्या मी पुन्हा खाल्ल्या नाहीत.

माझ्या नवऱ्याची नोकरीतली पहिली नेमणूक रत्नागिरीत झाली आणि तो आमच्या घराच्या मागच्या खोलीत भाड्यानं राहायला आला. पुढचं सांगत बसत नाही, ज्यानं त्यानं समजून घ्यावं. लग्न ठरलं तेव्हा त्याची बदली परभणीला झाली होती. त्यानं मला हसत हसत इकडची म्हण ऐकवली, "बनी तो बनी, नहीं तो परभणी." मला ती थट्टा वाटली. ऐन मे महिन्यात इथं उतरले तेव्हा कळलं, ती ताकीद होती.

परभणीत खोली मिळेपर्यंत आम्ही पूर्णेला सासऱ्यांच्या घरी राहिलो. घरात बाईमाणूस नव्हतं. सासूबाई खूप आधीच गेलेल्या. सासऱ्यांना मी मामा म्हणू लागले, इकडं तसंच म्हणतात. ते मालगाडीवर गार्ड होते, नुकतेच निवृत्त झालेले. स्वयंपाक तेच करायचे. भाकरी अशी थापायचे, की मला माझ्या पोळ्यांची लाज वाटावी. नोकरीची सुरुवातीची वर्षं आंध्रात काढल्यामुळे स्टोव्ह पेटला नाही की ते त्याला तेलुगूत झापायचे आणि तो बहुधा पेटायचाही. कोकणात तेव्हा रेल्वे नव्हती. मामांना ते फार लागायचं. "जिथं रेल्वे जात न्हाई," ते म्हणायचे, "ते गाव नकाशात उगं दाखवल्यालं असतंय."

नवरा सकाळच्या गाडीनं परभणीला जायचा, तो संध्याकाळी उगवायचा. मी दिवसभर घरात. मला झोप यायची नाही. लहानपणापासून उशाला समुद्राची गाज होती, ती तिथं असताना कधी ऐकू आली नव्हती आणि इथं ती नाही हे मात्र सारखं ऐकू यायचं. तिच्या जागी डबे जोडल्याचे धक्के, इंजिनाच्या शिट्ट्या. आषाढ सरला तसं माझं मन ठरलं. राखीला म्हणून माहेरी जायचं आणि नवऱ्याची बदली पुन्हा कोकणात होईपर्यंत यायचंच नाही. नवऱ्याला मी हे स्पष्ट सांगितलं. मामा शेजारच्या खोलीत होते आणि त्या घराच्या भिंती काही जाड नव्हत्या.

नारळी पौर्णिमेच्या दिवशी मुंबईची दुपारची गाडी होती; पुढं एसटीनं जाऊन राखी दुसऱ्या दिवशी बांधायची. पूर्णेत त्या दिवशी फक्त राखी, नारळाचं कुणाच्या गावीही नाही. माझी बॅग दाराशी भरून ठेवलेली. मामा सकाळी बाजारात गेले आणि नारळ घेऊन आले. त्याला मिठाईच्या खोक्यातला सोनेरी कागद गुंडाळला होता, वर दोरा. मी कधीतरी बोलता बोलता सांगितलेलं त्यांच्या लक्षात राहिलं होतं.

"चल पोरी, नदीवर जाऊन येऊ," ते म्हणाले.

"नदीत कशाला, मामा? हा समुद्राला सोडतात."

"मग? समदं पानी समुद्रालाच जायलंय की. हितं सोड, जाईल की तुझ्या बाबापाशी."

आम्ही पूर्णेच्या काठावर गेलो. श्रावणातलं गढूळ, फुगलेलं पाणी. रंग मात्र अगदी मांडवीच्या पाण्याचा होता. शाळेत भूगोल मी नीट शिकले होते. पूर्णा गोदावरीला मिळते आणि गोदावरी आमच्या समुद्राकडे पाठ फिरवून पार उलट्या दिशेला, पूर्वेला जाते. हा नारळ काहीही झालं तरी रत्नागिरीला पोचणार नव्हता. पण मामा चपला काढून, हात जोडून उभे होते. उभ्या जन्मात त्यांनी समुद्राला हात जोडले नसतील. भूगोल सांगण्याची ती वेळ नव्हती. मी नारळ सोडला, पाणी डोळ्यांना लावलं. परत येताना मामा माझ्याकडे न बघता म्हणाले, "तू आल्यापासून घराला आवाज आलाय बघ. न्हाई तर नुस्त्या गाड्याच वाजत व्हत्या."

दुपारची गाडी गेली. मी बॅग उघडून साड्या पुन्हा कपाटात ठेवल्या. जाणार नाही असं काही मी ठरवलं नव्हतं. त्या दिवशी जाववलं नाही एवढंच.

संध्याकाळी मामांना सोबत घेऊन स्टेशनजवळच्या फोनच्या टपरीवरून मी बाबांना सगळं सांगितलं. वाटलं, ते मोठ्यानं हसतील. पाण्याच्या बाबतीत चूक त्यांना सहन होत नसे. ते नुसतं म्हणाले, "बरा. मांडवीर जाऊन बघतंय, आलाय काय तो." मग म्हणाले, "व्याह्यांना दे फोन." मामा बराच वेळ बोलत होते. मी बाहेर उभी होते. आत त्यांची मान सारखी हलत होती.

दोन दिवसांनी बाबांचा शेजाऱ्यांकडे फोन आला. "पोचला गो बाय तुझा नारळ. जरा नासका निघाला, पण आईशीन वड्या केल्यान."

मी हसले आणि हसता हसता रडले. माझं मन राखायला बाबा, सगळं पाणी कोळून प्यायलेला माणूस, एवढं मोठं खोटं बोलत होते. मीही म्हटलं, "नासका कसा निघाला? मामांनी वाजवून आणला होता."

तेव्हापासून तो नेमच झाला. आम्ही परभणीला बिऱ्हाड केलं, मुलं झाली, मुलांच्या शाळा झाल्या. नारळी पौर्णिमेला मी राख्यांचं आटपून पूर्णेला जायची. मामा सोनेरी कागद लावलेला नारळ घेऊन ओट्यावर तयार. कोकणात रेल्वे सुरू झाली तेव्हा मामांनी मला पेढे दिले, जणू रूळ त्यांनीच टाकले होते. त्यानंतर माहेरी जाणं सोपं झालं, पण नारळ पूर्णेतच. आणि दोन दिवसांनी बाबांचा फोन. नारळ दरवर्षी पोचायचा आणि दरवर्षी जरा नासका निघायचा. आई गेली त्या वर्षी ते म्हणाले, "वड्या मीच केल्या. बिघडल्या." त्यावर मला हसता आलं नाही.

यंदा उन्हाळ्याच्या तोंडावर बाबा गेले. भाऊ मुंबईला असतो, त्यामुळे घराला कुलूप लागलं. दिवसकार्य झाल्यावर मी एकटीच मांडवीवर जाऊन बसले. आता तिथं रोषणाई आहे, बसायला बाकं आहेत, फोटो काढणाऱ्यांची ही गर्दी. पोरं आपापल्या आयांचा ओरडा खात वाळूत लोळत होती. मला कशाचा राग आला नाही. त्यांचंही बालपण चाललं होतं. फक्त वाटलं, या गावात आता मला "आलीस गो?" म्हणून विचारणारं कुणी उरलं नाही. ज्याला आपण समुद्र समुद्र म्हणत आलो, त्यातला अर्धा तरी हा एक माणूस होता.

श्रावण आला तेव्हा मी नवऱ्याला म्हटलं, यंदा पूर्णेला जात नाही, कुणाला पाठवायचा नारळ? नवरा म्हणाला, "मामा ओट्यावर बसले असतील." त्याच्या वडिलांना तोही आता मामाच म्हणतो, माझ्यामुळे.

बसलेच होते. ऐंशी कधीच उलटली आहे, गुडघे गेले आहेत, पण नारळ मांडीवर आणि कागद लावलेला. रिक्षानं नदीवर गेलो. त्यांना खाली उतरवेना, म्हणून मी एकटी उतरले. नारळ सोडला. तो थोडा गिरकी घेऊन निघाला, त्याच्या नेहमीच्या उलट्या दिशेनं. वर आले आणि मला राहवलं नाही. "मामा," मी म्हटलं, "आता पोचला म्हणून सांगणार कोण?"

त्यांनी चष्मा काढून धोतराच्या सोग्यानं पुसला. पुसतच राहिले. मग म्हणाले, "चल, तुझी गाडी चुकंल." मला जरा लागलंच. वाटलं, म्हातारपणी माणसं कोरडी होतात.

दोन दिवसांनी संध्याकाळी मी कणीक मळत होते, तेव्हा फोन वाजला. मामा स्वतःहून फोन कधी करत नाहीत. त्यांना तो लावताच येत नाही. शेजारच्या कुणाकडून लावून घेतला असणार. मी पिठाच्या हातानंच उचलला. त्यांना कमी ऐकू येतं म्हणून ते ओरडूनच बोलतात.

"पोचला बरं का!"

"काय पोचलं, मामा?"

"नारळ तुझा. पोचला."

मी भिंतीला टेकले. "कुठं पोचला?"

"कुठं म्हंजी? राजमहेंद्रीला. तिथून फुडं समुद्र जवळच हाय. मी ऱ्हायलोय की तिथं, लय साल. गोदावरीचं पात्र असलं हाय तिथं, पल्याडचं मानूस दिसंना."

तेलुगूत स्टोव्हला झापणारा माणूस आंध्रात नेमका कुठं होता, हे मी इतक्या वर्षांत कधी विचारलं नव्हतं. "म्हणजे तुम्हाला पहिल्यापासून माहीत होतं? ही नदी आमच्या समुद्राला जात नाही म्हणून?"

"ठाऊक नसाया काय झालं? तुझ्या बाबालाबी ठाऊक व्हतं. पयल्याच साली फोनवर म्हनले मला, व्याही, नदी तर उलटी जायलीय, पर पोरीला बोलू नका. मी हिकडून पोचला म्हनतो. ऱ्हाईल तिथं, रमंल."

म्हणजे त्या टपरीत मामांची मान इतका वेळ हलत होती ती यासाठी. मला वाटत होतं, बाबा माझी वाट बघतात. ते तिकडून, वाट बघत असूनही, मला इथं राहायला सांगत होते. मी पिठाच्या हातानं डोळे पुसले आणि रडले, चांगली हुंदके देऊन रडले. मामा पलीकडे थांबून राहिले.

"मामा," मी शेवटी म्हटलं, "मलाही माहीत होतं. शाळेत शिकवलं होतं आम्हाला."

पलीकडून एक तेलुगू शब्द आला. स्टोव्हला वापरायचे तोच. "मग येवढी सालं सोडत का व्हतीस?"

"तुम्ही आणत होतात म्हणून."

मग मी विचारलं, "नासका निघाला का हो?"

"न्हाई गं," मामा म्हणाले, "या बारीला गोड निघाला."