लाल खारवा दुकानाचा

पोथी मिळवायची तर आमच्या पुण्यात तीन ठिकाणं, आणि तिन्ही ठिकाणी आधी थोडा अपमान सोसायची तयारी हवी. कसब्यात एक शास्त्रीबुवा होते. त्यांच्याकडे पोथ्या उदंड, पण एखादी मागितली की बुवा आधी तुमची परीक्षा घेत. उत्तर चुकलं की "ही तुम्हाला झेपायची नाही" म्हणून पोथीऐवजी ताकाची वाटी पुढे करत. ताक मात्र सुरेख असायचं, त्यासाठी मी दोनदा मुद्दाम चुकलो आहे. शनिवारात, सरकारवाड्याच्या अलीकडे, पोथ्या उतरवून देणारे एक लेखक बसत. अक्षर मोत्यासारखं, पण आज सांगितलेली पोथी नातवाच्या मुंजीपर्यंत हातात पडेल याचीसुद्धा शाश्वती नाही. तिसरं ठिकाण बुधवारातलं. माझा जीव जडला तो तिथे.

जागा म्हणाल तर एक ओटा आणि ओट्यामागे एक खोली. खोलीत जमिनीपासून आढ्यापर्यंत फळ्या, फळ्यांवर लाल कापडात बांधलेल्या पोथ्या. आत गेलं की वेखंडाचा आणि जुन्या कागदाचा वास यायचा. दफ्तरात दिवसभर मोडी खरडून तापलेलं माझं डोकं त्या वासानं जागच्या जागी थंड व्हायचं. मी सरकारी दफ्तरात कारकून होतो तेव्हाची ही हकिकत. वय पंचविशीचं, आणि स्वभाव? आमच्या घरात तव्यापेक्षा मी लवकर तापायचो, असं माझी बायकोच सांगते. खोटं कशाला बोलू.

दुकानाचे मालक म्हणजे एक काटक म्हातारे. कानात भिकबाळी, अंगावर धुवट बाराबंदी. सगळे त्यांना आजोबाच म्हणत. पायरीशी पाण्याचं घंगाळ ठेवलेलं असे, आणि हात धुतल्याशिवाय कुणाला पोथीला शिवू देत नसत. माझी बोटं कायम शाईनं बरबटलेली. मी पायरी चढलो की आजोबा मान वर न करता म्हणायचे, "कारकून, हात." बस्स, तेवढंच स्वागत.

ओट्यावर बसून वाचायला कुणाची मनाई नव्हती. पोथी घरी न्यायची असेल तर मात्र आपली एक पोथी तिथे तारण ठेवायची. वाचून झालं की ती आणून द्यायची, आपली परत घ्यायची. लोकांच्या पोथ्या आपापल्या कापडात येत. कुणाची खणात, कुणाची धोतराच्या तुकड्यात. आजोबांचा नियम एकच होता, आणि नव्या माणसाला ते तो पहिल्या दिवशी ऐकवत: "लाल खारवा दुकानाचा. बाकी सगळं लोकांचं." खारवा म्हणजे तो जाडाभरडा लाल कपडा. लाल गाठोडं विकायचं, दुसऱ्या रंगाला हात लावायचा नाही. आम्हाला वाटे, म्हाताऱ्याची लहर, दुसरं काय.

माझ्याकडे तारण ठेवायला एकच पोथी होती, माझ्या आईची. साधीच, व्रताच्या कथांची. घरोघरी असते तशी. आईला वाचता येत नव्हतं. मी वाचायचो, ती समोर तांदूळ निवडायची किंवा हळद कुटायची. एखादी जागा आवडली की, "थांब रे, ते परत वाच," म्हणायची, आणि मी परत वाचलं की शेजारच्या कोऱ्या जागेत हळदीचं बोट टेकवायची. पुढच्या वेळी तिथे आलं की बोट ओळखून आधीच हसायची. अशी पानोपानी पिवळी बोटं होती. आई जाऊन दोन वर्षं झाली होती. तिच्याच जुन्या लुगड्याच्या तुकड्यात ती पोथी बांधलेली असे. तुकडा विटका, काठ उसवलेला.

आता ओट्यावर एक अत्तरवाले गृहस्थ यायचे. अत्तर विकायचे नव्हेत, लावायचे, तेही घागरभर. वाचन बेताचं, दुसऱ्याच्या मांडीवर काय आहे ते बघणं फार. भाद्रपदात एकदा मी वाचून झालेली पोथी परत करायला गेलो. आजोबांनी माझं गाठोडं काढून दिलं, तसे हे म्हणाले, "काय कारकून, पोथी आणलीत की भाकरी?"

ओटा खदखदून हसला. माझे कान असे तापले म्हणता! मग मी काय करावं? रुसलेल्या पोरासारखा आतल्या कोपऱ्यात जाऊन बसलो. मांडीवर दोन गाठोडी: मी परत करायला आणलेली दुकानाची कथांची पोथी लाल खारव्यात, आणि आईची लुगड्यात. आकारानं सारख्या. दोन्ही सोडल्या आणि कापडांची अदलाबदल केली. आईची पोथी नव्या कोऱ्या खारव्यात बांधली, दुकानाची लुगड्यात. वाटलं, बसू दे माझी आई थाटात. आजोबांना काय ते नंतर सांगू. लाल गाठोडं तिसऱ्या फळीवर दुकानाच्या पोथीच्या जागी ठेवलं, लुगड्याचं नेहमीच्या जागी. मग वाचायला दुसरी पोथी उचलली आणि घरी गेलो. नंतर सांगायचं ते राहूनच गेलं. खरं म्हणजे लाज वाटली.

आश्विनातल्या कडक उन्हात मी ती दुसरी पोथी परत घेऊन गेलो. आजोबांनी नेहमीसारखा हात लांबवला आणि लुगड्याचं गाठोडं माझ्यापुढे ठेवलं. मी म्हटलं, "ही नव्हे, ती तिसऱ्या फळीवरची कथांची पोथी द्या." आणि बघतो तर तिसऱ्या फळीवर जागा रिकामी.

"ती कथांची पोथी होय? ती परवाच दिली एका बाईंना. बिऱ्हाड घेऊन बऱ्हाणपुराकडे निघाल्या होत्या."

माझा तोल सुटला. "विकलीत? अहो, माझ्या आईची पोथी विकलीत? तुम्हाला दिसत नाही का? उघडा, उघडा हे गाठोडं, आणि सांगा ही माझी का ते!"

आजोबांनी गाठ सोडली. वरचं पान उचलून डोळ्यांसमोर धरलं. खूप वेळ धरलं. पान उलटं होतं.

चार वर्षं मी त्या ओट्यावर बसत होतो आणि मला कळलं नव्हतं. लाल खारव्याचा नियम लहर नव्हती. खारवा बोटांना खरखरीत लागतो, लुगडं मऊ लागतं. म्हातारा दुकान हातांनी चालवत होता.

आजोबांनी पान खाली ठेवलं. "गेल्या आठवड्यात सगळ्या पोथ्यांना ऊन दाखवलं," ते हळू म्हणाले. "परत बांधताना माझा हात चुकला असेल. तुमच्या आईंची पोथी, कारकून... मी काय बोलू?"

तेव्हा बोलायचं ते मी बोलायला हवं होतं. एक वाक्य होतं फक्त. मी ते गिळलं, "जाऊ दे," म्हणालो आणि सगळं तिथेच टाकून पायऱ्या उतरलो. जाऊ दे! काय मोठं मन दाखवलं की नाही मी? अजून आठवलं की स्वतःच्या थोबाडीत द्यावीशी वाटते.

पंधरा दिवस मी बुधवारात पायच टाकला नाही. मंडईला जायचं तर लांबून वळसा. मग एके दिवशी दुपारी दफ्तरात कागदीपुऱ्यातले चाचा आले. आमच्या दफ्तराला आणि आजोबांना कागद त्यांच्याच घरचा जायचा. कागदाचे गठ्ठे उतरवून झाले तरी चाचा हलेनात.

"आजोबांनी या खेपेला कागद नको म्हटलं," ते म्हणाले. "दिवाळी झाली की दुकान बंद करणार. पोथ्या वाटून टाकणार म्हणतात."

"का?" मी विचारलं. जसं काही मला ठाऊकच नव्हतं.

"डोळे गेले तेव्हा म्हातारा खचला नाही हो. मला म्हणाला, हात आहेत ना. कागद नुसता चिमटीत धरून सांगायचे, चाचा, हा पावसात वाळवलात. एकदा चुकले नाहीत. आता म्हणतात, हातानंही दगा दिला, आणि तोही कुणाच्या आईच्या पोथीत. त्या दिवसापासून फळीला हात लावत नाहीत."

चाचा गेले. माझा बोरू दौतीत तसाच राहिला. आईची पोथी गेली याचं दुःख होतंच, पण ते माझं मी सोसलं असतं. म्हाताऱ्याचे हात मी काढून घेतले होते. आणि खरं सांगितलं तर दुसऱ्या दिवशी सगळ्या पेठेत होणार, की कारकुनाला आईच्या लुगड्याची लाज वाटली. आमच्या पुण्यात माणूस एकवेळ चोरी विसरेल, असली गोष्ट विसरायचा नाही. रात्रभर तळमळलो. सकाळी अंघोळ केली आणि दफ्तराऐवजी बुधवारात गेलो.

एकांतात सांगावं असा बेत होता. पण माझं नशीब! ओटा भरलेला, मध्ये अत्तरवाले. आजोबा भिंतीला टेकून बसले होते. पाय वाजले तसे म्हणाले, "कोण? कारकून का?" या वेळी 'हात' म्हणाले नाहीत. ते मला फार लागलं.

"आजोबा, तुमचा हात चुकला नाही," मी म्हटलं. आवाज माझ्याही नकळत मोठा झाला. "कापडं मी बदलली. हे म्हणाले भाकरी आणलीत का, आणि मला आईच्या लुगड्याची लाज वाटली. तुमचा खारवा मी तिच्या पोथीला बांधला आणि तुम्हाला सांगितलं नाही. त्या दिवशीही नाही."

कुणी हसलं नाही. अत्तरवाले आपल्या जोड्यांकडे बघत बसले.

आजोबा उठले. भिंत चाचपत पहिल्या फळीशी गेले आणि एकेका गाठोड्यावर हात ठेवून नाव घेऊ लागले. ही वैद्यकाची. ही ज्योतिषाची, शेवटची दोन पानं नाहीत. हे रामाचं आख्यान. ही व्याकरणाची, कसब्यातल्या बुवांकडून आलेली. पहिली फळी झाली, दुसरी झाली. मी एकेक गाठोडं उघडून बघत होतो. एकही चूक नाही. आजोबांचा आवाज चढत चालला होता, आणि चेहऱ्यावर असं हसू, की मला मान वर करवेना. शेवटी हात लुगड्यावर येऊन थांबला.

"आत दुकानाची पोथी," ते म्हणाले. "वरचं कापड तुमच्या आईचं. आता सांगा, हात कुणाचा चुकला?"

"माझा."

"मग धुऊन या."

मी घंगाळापाशी जाऊन हात धुतले. डोळेही धुतले, पाणी होतंच. परत आलो तेव्हा आजोबांनी आपली पोथी खारव्यात बांधली होती. लुगड्याचा तुकडा त्यांनी माझ्या हातात ठेवला. उजेडात पहिल्यांदाच तो मी नीट उलगडून पाहिला. जिथे आई रोज गाठ मारायची, त्या टोकाला हळदीची बोटं उमटली होती. दोन बोटं आणि अंगठा, एकावर एक, कितीतरी. दोन वर्षं ती गाठ मी बांधत सोडत होतो आणि एकदाही तिच्याकडे पाहिलं नव्हतं.

"काही वाचायला नेणार, की नुसतेच रडणार?" आजोबांनी विचारलं.

मी रामाचं आख्यान उचललं.

"तारण?"

माझ्याकडे पोथी उरली नव्हती. मी तो तुकडा नीट चौकोनी घडी करून त्यांच्या हातावर ठेवला. त्यांनी तो बोटांनी चाचपला, काठावरून अंगठा फिरवला, आणि वळून तिसऱ्या फळीवरच्या रिकाम्या जागेत ठेवला.

"लाल नाही," ते म्हणाले. "विकला जायचा नाही."