रत्नमालाच्या वहीतली खरी वाक्यं

मुकुंदवाडीच्या रत्नमालाला इंग्रजी शिकायचं होतं ते मिरवायला नव्हे. औषधांच्या कंपनीत बारा वर्षं ती खोकी भरत होती. लाइनची सुपरवायझर व्हायचं तर कागदावरच्या सूचना वाचता यायला हव्यात, असं साहेबांनी स्पष्ट सांगितलं होतं. म्हणून दर रविवारी ती सगीरा मॅडमच्या शिकवणीला जायची.

सगीरा मॅडम शाळेतून निवृत्त झालेल्या, पण छडी तेवढी निवृत्त झालेली, शिस्त नाही. त्यांचा दंडक एकच होता. नवा शब्द शिकलात की त्याचं वाक्य करायचं, आणि ते वाक्य खरं हवं. "राजा-रानी, बाग-बगीचा मेरे को नक्को," त्या बजावायच्या. "घरातलं लिहा, गल्लीतलं लिहा. खोटं वाक्य डोक्यात टिकत नाही."

रत्नमालानं हे जरा जास्तच मनावर घेतलं. खरं लिहायचं तर माणसं शोधायला लांब जायची गरजच नव्हती. शेजारच्या चतुराबाई दिवसभर डोळ्यांसमोर आणि कानांत हजर. तुलना शिकली तेव्हा तिनं लिहिलं, 'चतुराकाकू इज लाउडर दॅन अवर मिक्सर.' 'नेव्हर' आलं तेव्हा काकू नेलेली पिशवी कधीच परत करत नाहीत, हे वहीत उतरलं. 'बिकॉज' आलं आणि गल्ली नळावर पहाटेच का पळते, याचं कारणही नळ अडवून बसणाऱ्या काकूच निघाल्या. तीन महिन्यांत वही भरली. रत्नमालाचं इंग्रजी सुधारलं, पण काकूंची त्या वहीत काही धडगत नव्हती.

एका रविवारी सकाळी चतुराबाई घाईघाईनं दारात आल्या. बहिणीकडे पाचोडला निघाल्या होत्या.

"रत्ने, येखादी पिशवी दे गं. बाजार हाय तिथं आज. चार वांगी आणीन."

रत्नमालानं खुंटीवरची पिशवी काढून दिली. तासाभरानं शिकवणीला निघताना हात पुन्हा खुंटीकडे गेला आणि रिकामाच खाली आला. वही त्याच पिशवीत होती.

काकूंना इंग्रजीचा गंध नव्हता, हे खरं. पण पाचोडच्या बहिणीची सायली कॉलेजात इंग्रजीच घेऊन बसली होती. फोन करून सांगावं तरी काय? वही वाचू नका म्हणणं म्हणजे वाचाच म्हणून आग्रह करणं. रत्नमाला शिकवणीला गेलीच नाही. तिला राहून राहून एकच आठवत होतं. दोन वर्षांपूर्वी तनुजाला, तिच्या लेकीला, डेंगी झाला होता. कंपनीतून रजा मिळेना. तेव्हा नऊ दिवस घाटी दवाखान्यात त्या पोरीच्या उशाशी काकू बसल्या होत्या. आणि अशा बाईला आपण मिक्सर म्हटलं! रत्नमालाला स्वतःची मनस्वी लाज वाटली.

दिवस मावळायला चतुराबाई आल्या. वांगी ओट्यावर ओतली, पिशवी झटकली आणि वही तिच्या हातात ठेवली.

"सायलीनं समदी वाचून दाखवली."

"काकू, ते मी..."

"माझी बहीण तर हसून हसून लोळली. मी बी हसले. मिक्सरचं खोटं काय हाय त्यात? आन ही बघ, पिशवी परत आणली. आता ते वाक्य खोड."

रत्नमालाचा जीव भांड्यात पडला. काकू मात्र जागच्या हलेनात. त्यांनी वहीतलं कोपरा दुमडलेलं एक पान उघडलं.

"हे तेवढं सायलीला दोनदा वाचाया लावलं."

रत्नमालानं पाहिलं. सुरुवातीच्या आठवड्यातलं, ती स्वतःच विसरलेलं वाक्य होतं. 'चतुराकाकू सॅट विथ माय डॉटर फॉर नाइन डेज. आय हॅव नॉट थँक्ड हर.'

"दोन वर्सं झाली रत्ने," काकूंचा आवाज पहिल्यांदाच खाली आला होता. "मराठीत कधी बोलली नाय गं मला."

शेजारणीचे आभार कोण मानतं? वाटीभर भाजी जाते, वाटीभर येते, तेच आभार. मराठीतले सगळे शब्द येत असूनही रत्नमालाला वाक्य जुळवायला वेळ लागला.

"काकू, तुम्ही होतात म्हणून माझी तनुजा वाचली."

चतुराबाईंनी पदरानं डोळे पुसले. "हां. आता चहा ठेव," त्या म्हणाल्या, आणि ते अख्ख्या गल्लीला ऐकू गेलं.