हेड ऑफिसचा फोन आणि फ्रेममधली डिग्री

बी.कॉम. झाल्यावर मी जेवढे अर्ज केले, त्या सगळ्यांवर एकच फोन नंबर होता आणि त्यापुढे 'पी.पी.' लिहिलेलं. फोन आमचा नव्हता. नवागामच्या आमच्या गल्लीत, म्हणजे धुळे-नंदुरबारकडून मिलमध्ये कामाला आलेल्यांच्या वस्तीत, तो एकट्या जिजींकडे होता. त्यांचे यजमान पांडेसऱ्याच्या डाइंग मिलमध्ये फोरमन. फोन आला की जिजी ओट्यावरून हाक मारत आणि बोलणं संपेपर्यंत शेजारीच बसून राहत. फोन त्यांचा, म्हणून ऐकण्याचा हक्कही त्यांचा. त्याबद्दल कोणाची तक्रार नव्हती.

एका दुपारी हाक आली. "ये रे भाऊ, सायेबना फोन शे!"

साहेब हेड ऑफिसातून बोलत होते. सुपरवायझर म्हणून माझी निवड झाली होती. मुलाखत नाही, परीक्षा नाही. उद्या सकाळी दहाला स्टेशनबाहेर त्यांच्या माणसाकडे ओरिजिनल डिग्री द्यायची. तपासून ऑर्डरबरोबर परत मिळेल. "कोणाला सांगू नका, गोपनीय आहे." मी ताठ उभा राहून सात-आठ वेळा "येस सर" म्हणालो. मधूनमधून टूं टूं वाजत होतं. हेड ऑफिसचं मोठं मशीन असेल, असं मला वाटलं.

फोन ठेवला तेव्हा जिजी आणि त्यांच्याकडे तूर निवडायला आलेल्या दोघी पेढे मागत होत्या. गोपनीयता तिथेच संपली.

अडचण दुसरीच होती. घरातली पहिली डिग्री म्हणून वडिलांनी ती मला न विचारता देवांच्या तसबिरी करणाऱ्याकडे नेऊन फ्रेममध्ये बसवली होती. काच, सोनेरी पट्टी, सगळं. आई सवयीने तिलाही कुंकू लावायची. मी स्टुलावर चढून ती उतरवत असताना वडील कामावरून आले.

"कोठे लई चालना?"

"साहेबांना द्यायची आहे, आबा."

"झेरॉक्स दे. डिग्री तुनी शे, फ्रेम मनी शे."

फ्रेमसकटच न्यावी म्हणून मी ती चादरीत गुंडाळत होतो, तोच पुन्हा साहेबांचा फोन आला. मी धावत गेलो. पण रिसीव्हर जिजींच्या हातात होता आणि त्या तो देईनात.

"कोन गावना तुम्ही, भाऊ?"

मी हात जोडले. "जिजी, साहेब आहेत!"

"मंग? सायेबले गाव नही का?"

साहेब 'धुळ्याकडचा' म्हणाले असावेत, कारण जिजींनी मांडी घातली. "धुळ्यामा कोठे?... हा का! मनी बहीण तठेच दियेल शे. कोनाना पोऱ्या तू? मामा कोठला?"

'तुम्ही'चा 'तू' झालेला ऐकला आणि माझी नोकरी गेली, असं मी समजलो. तेवढ्यात टूं टूं वाजलं. जिजींनी रिसीव्हर लांब धरून त्याच्याकडे पाहिलं.

"भाऊ, तू पेटीमा रुपया टाकीसन बोली ऱ्हायना का? तुना हेड ऑफिसमा फोन नही?"

फोन कट झाला.

"रुपया संपना वाटस," तूर निवडणाऱ्यांतली एक म्हणाली.

त्या संध्याकाळी मी जिजींशी बोललो नाही. आबांनी फ्रेम परत खिळ्याला टांगली होती, म्हणून सकाळी नुसत्या झेरॉक्स घेऊन स्टेशनवर गेलो. तिथे इस्त्रीचे शर्ट घातलेले आणखी दोघे फायली छातीशी धरून उभे होते. बॅगवाला माणूस आला, त्याने दोघांच्या फायली घेतल्या आणि माझ्याकडे वळला. "ओरिजिनल?" आवाज कालचाच होता.

"घरी भिंतीवर आहे," मी म्हणालो, आणि का कोण जाणे, पुढे तोंडातून निघालं, "साहेब, धुळ्यात नक्की कुठले तुम्ही?"

"धुळ्यात?" पहिला म्हणाला. "मला तर नंदुरबारचे म्हणाले."

"मी भुसावळचा. मला म्हणाले, आपण गाववाले," दुसरा म्हणाला, आणि बॅगेत हात घालून त्याने आपली फाइल काढून घेतली. पहिल्यानेही काढली. साहेब "चहा घेऊन येतो" म्हणून गेले. आम्ही अर्धा तास थांबलो, कारण आम्ही तिघेही सभ्य होतो.

अशी ओरिजिनल कागदपत्रं घेऊन मग ती सोडवायला पोरांकडून पैसे उकळतात, हे मला नंतर कळलं.

गल्लीत शिरलो तेव्हा जिजी ओट्यावरच होत्या. मी खाली वाकून पाया पडलो.

"मंग? कोठला निंघना?" त्यांनी विचारलं.

"सगळीकडचा," मी म्हणालो.