एक शून्य कमी लिहिलेलं मशीन

स्वेटर हा प्रकार मी लग्न होऊन चंदीगडला आल्यावर पहिल्यांदा अंगात घातला. मी चिपळूणकडची. आमच्याकडे थंडी म्हणजे पहाटे पायाशी ठेवलेली चादर वर ओढून घ्यायची, एवढंच. इथल्या पहिल्याच डिसेंबरात मी पायात मोजे आणि गळ्यात यांचा मफलर गुंडाळून स्वयंपाक करत होते. यांची नोकरी सेक्टर तीसमधल्या प्रयोगशाळेत, उपकरणं तयार करण्याची. क्वार्टर मिळालं होतं आणि समोर कॉलनीचं लॉन होतं. धुकं सरून ऊन आलं की शेजारणी तिथे चटया टाकून बसायच्या. कुणी मटार सोलतंय, कुणी मेथी निवडतंय, आणि उरलेल्या सगळ्यांच्या हातात लोकर. त्यांच्यातच बसून मी सुलट-उलट टाके शिकले. हिंदी सुधारलं तेही तिथेच.

पुढे मी शाळेत जीवशास्त्र शिकवायला लागले, मुलगी मोठी झाली, पण हिवाळ्यातलं विणकाम सुटलं नाही. सुटायची वेळ आली ती बोटांमुळे. सांधे दुखायला लागले. डॉक्टरीणबाई म्हणाल्या की सुयांवर तासन्तास बसणं कमी करा. मग मला स्वेटर विणायच्या मशीनची कल्पना सुचली. पंजाबात ही हाताने चालवायची मशीन्स पुष्कळ घरांत असत. एका लांब पट्टीत ओळीने सुया बसवलेल्या असतात आणि वरचा दांडा डावीकडून उजवीकडे सरकवला की एक आख्खी ओळ विणून होते. नवीन घ्यायचं तर बरंच महाग पडत होतं, म्हणून मी जुन्या वस्तूंच्या लिलावाची एक साइट फोनवर घेऊन ठेवली आणि शाळेतून आल्यावर चहा घेता घेता बघायला लागले.

तिथे दोन पद्धती होत्या. एक तर बोली लावायची आणि मुदत संपेपर्यंत वाट बघायची. नाही तर विकणाऱ्याने थेट किंमत लिहिलेली असली, तर ती भरून वस्तू लगेच घ्यायची. एक दिवस जवळच्याच राजपुऱ्याचं एक मशीन दिसलं. थेट किंमत अठराशे रुपये.

"अहो, हे बघा," मी फोन यांच्यापुढे धरला.

यांनी फोटो मोठा करून पाहिला. "स्टँडला गंज आहे थोडा. पण अठराशे? किंमत लिहिताना चुकले असतील गं."

"गंज आहे म्हणूनच कमी लावली असेल," मी म्हटलं आणि पैसे भरून टाकले.

लगेच निरोप आला, अभिनंदन, ही वस्तू आता तुमची. सोबत विकणाऱ्याचा फोन नंबर. मी फोन लावला तर एका वयस्क बाईंनी उचलला. आवाज खणखणीत. मी मशीन घेतलं हे कळल्यावर त्यांनी पहिलाच प्रश्न विचारला, "बुनना आता है?"

"हाथ से आता है, आंटी जी. मशीन पे सीखूँगी."

"फिर इतवार को आ जा पुत्तर. खाना खा के जाना."

मी खुश. लोकरीच्या दुकानात जाऊन रंगसुद्धा बघून आले. आणि शुक्रवारी साइटवरून कळवण्यात आलं की विक्री रद्द झाली आहे, पैसे परत जमा होतील. पाठोपाठ कॅनडाच्या नंबरावरून एक मेसेज आला. बाईंच्या मुलाचा. जाहिरात त्याने तिकडून टाकली होती. अठरा हजारांऐवजी अठराशे टाइप झालं, एक शून्य राहून गेलं, माफ करा मॅडम, असं नम्रपणे लिहिलेलं होतं.

माझं तोंड उतरलं. चढला तो आमच्या मुलीचा आवाज. ती युनिव्हर्सिटीत कायद्याच्या दुसऱ्या वर्षाला होती. जन्म इथला, त्यामुळे आम्ही मराठीत बोलायचं आणि तिने हिंदीत उत्तर द्यायचं, हे आमच्या घरात लहानपणापासून चालत आलेलं.

"ऐसे कैसे कैंसल? उसने ऑफर दिया, तुमने ॲक्सेप्ट किया, पेमेंट भी हो गया. आई, कॉन्ट्रॅक्ट पक्का है. मशीन उसे देनी पड़ेगी."

"आपण कोर्टात जाणार आहोत का आता?" हे म्हणाले.

"बाबा, बात प्रिन्सिपल की है."

दुसऱ्या दिवशी सकाळी ती तावातावाने क्लासला गेली ती संध्याकाळी जरा शांत होऊन परत आली. कॉन्ट्रॅक्ट शिकवणाऱ्या त्यांच्या मॅडमना तिने विचारलं होतं, आणि साइटच्या ज्या अटी मी न वाचता मान्य केल्या होत्या, त्या तिने बसमध्ये बसून सगळ्या वाचल्या होत्या. चहाचा कप घेऊन ती समोर बसली आणि आम्हा दोघांना शिकवायला लागली.

तिने सांगितलं ते मला समजलं ते असं. दुकानात वस्तूवर किंमत लिहिलेली असते, ती दुकानदाराने दिलेली कबुली नसते. ते नुसतं बोलावणं. वस्तू घेतो असं गिऱ्हाईक म्हणतं तेव्हा प्रस्ताव होतो, आणि दुकानदार हो म्हणाला की सौदा. लिलावात बोली हा प्रस्ताव, हातोडा पडला की सौदा पक्का. तोवर बोली लावणाऱ्याला माघार घेता येते. ऑनलाइन लिलावात हातोड्याच्या जागी घड्याळ. पण थेट किंमत भरून घेतलेल्या वस्तूचं काय, हे साइटच्या अटींत काय लिहिलंय त्यावर बरंचसं अवलंबून. आणि आमच्या साइटच्या अटींत लिहिलं होतं की किमतीत उघड दिसणारी टायपिंगची चूक असेल तर वस्तू पाठवण्याआधी विकणारा सौदा रद्द करू शकतो.

"म्हणजे संपलं," मी म्हटलं.

"नहीं ना. उघड दिसणारी मतलब क्या? वही तो झगड़ा है." मग तिने पुढचं सांगितलं. एकाच बाजूची चूक झाली, एवढ्यावरून करार सहसा मोडत नाही. आपली चूक आपण निस्तरायची. मात्र समोरच्याला ती चूक दिसत होती आणि तरीही त्याने संधी साधली असेल, तर न्यायालय त्याच्या मदतीला यायला नाखूश असतं.

तिने कप खाली ठेवला. "आई, सच बताओ. जब बटन दबाया, तब तुम्हें लगा था कि प्राइस गलत है?"

"मला वाटलं गंज आहे म्हणून स्वस्त असेल."

"और बाबा ने क्या कहा था?"

"मी काही बोललो नाही," हे घाईघाईने म्हणाले.

"बोललात की. किंमत चुकली असेल म्हणालात."

मुलगी हसायलाच लागली. "बस. कोर्ट में सबसे पहले यही पूछेंगे."

मी विचार करत बसले. खोटं मी बोलत नव्हते. गंजाचं कारण मला खरंच पटलं होतं. पण ते इतक्या पटकन का पटलं, तर मला मशीन हवं होतं. त्या एका क्षणात माझ्या मनात काय होतं हे मलाच धड सांगता येईना, ते न्यायाधीशाने कसं शोधून काढायचं? मुलीच्या विषयात एवढं बारीक काही असेल असं मला तोवर वाटलं नव्हतं. ती मात्र त्या दिवशी फार खुशीत होती. पुस्तकातला धडा घरात येऊन बसला होता आणि आई-बाबा दोघंही साक्षीदार.

आम्ही विषय सोडून दिला. रविवारी जेवणं आटोपून मी कपडे वाळत घालत होते, तेवढ्यात फोन वाजला. राजपुऱ्याच्या बाई.

"कित्थे रह गई? मैंने कढ़ी बना के रखी है."

विक्री रद्द झाल्याचं त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. मी किमतीची सगळी हकिकत सांगितली, आणि तुमच्या मुलाचं बरोबर आहे, हेही सांगितलं. त्या म्हणाल्या, "कीमत गलत होगी पुत्तर. कढ़ी तो ठीक बनी है. तू आ."

असं म्हटल्यावर न जाणं बरं दिसेना. आम्ही तिघं गाडी काढून निघालो. राजपुऱ्यात त्यांचं घर गल्लीच्या टोकाला होतं. उंच, रुंद हाडाची बाई, डोक्यावर पांढरी चुन्नी. नवरा गेलेला, मुलगा-सून कॅनडात, खाली एक भाडेकरू कुटुंब. जेवण झालेलं आहे, हे आमचं सांगणं त्यांनी कानाआड केलं आणि भात-कढी खायला घालूनच मशीनवरची चादर काढली.

या मशीनवर त्यांनी आजूबाजूच्या शाळांच्या मुलांचे स्वेटर विणले होते. मरून आणि नेव्ही ब्लू, वर्षानुवर्षं तेच दोन रंग. मग त्यांचा उजवा खांदा धरला. तेव्हापासून ते व्हरांड्यात झाकून होतं. एक कारखानदार येऊन बघून गेला होता, पण त्याला सुया आणि सुटे भाग हवे होते, बाकीचं तो भंगारात घालणार होता. "मैंने कहा, ना जी," त्या म्हणाल्या.

हे एव्हाना गुडघ्यांवर बसून मोबाइलच्या उजेडात स्क्रू तपासत होते. "गंज फक्त स्टँडला आहे," ते मराठीत म्हणाले. "बाकी झकास आहे. अठरा हजारसुद्धा जास्त नाहीत."

तेवढ्यात कॅनडाहून व्हिडिओ कॉल आला. बाईंनी आम्हाला दाखवलं तसा मुलगा अवघडला आणि पुन्हा माफी मागायला लागला. आमच्या मुलीने फोन हातात घेतला. "भैया, आपका कैंसलेशन शायद ठीक था. अटी में... मतलब, टर्म्स में लिखा है." तो सुटल्यासारखा हसला. "देखा बीजी, वकील भी कह रही है."

"वकील को बोल, मशीन किसकी है?"

"आपकी," मुलगी म्हणाली. "वो डील खतम. अभी आप जो भी तय करेंगी, वो नया कॉन्ट्रॅक्ट होगा."

"तो बस," असं म्हणून बाईंनी फोन उलटा ठेवला.

मग आमचा उलटाच सौदा सुरू झाला. मी अठरा हजार म्हणत होते आणि त्या दहावर अडून बसल्या होत्या. मी वर खेचायचं, त्यांनी खाली. हे माझ्या कानाशी लागले, "अगं, ती कमी सांगतेय, तू का वाढवतेस?" पण मला दहाला ते न्यायचं नव्हतं. मघाशी त्यांच्या व्हरांड्यात उभी असताना मला नीट कळलं होतं की या मशीनची किंमत काय आहे. इथे गंजाचं निमित्त चालणार नव्हतं. शेवटी चौदावर आम्ही दोघी थांबलो, आणि शिल्लक राहिलेली लोकरीची पोती मी न्यायची, हे त्यांनी वर घातलं. मुलीने विचारलं, "पक्का?" बाई म्हणाल्या, "पक्का." त्याच दुपारी त्यांनी मला डाव्या हाताने टाके कसे चढवायचे ते दाखवलं. दांडा सरकला की मशीन खर्रकन आवाज करायचं, आणि खालून विणलेली पट्टी हळूहळू उतरायची.

मशीन आता आमच्या मागच्या बाल्कनीत आहे. त्यावरचा माझा पहिला स्वेटर यांच्यासाठी होता. त्याची एक बाही लांब झाली. ती दुमडून ते ऑफिसला घालून जातात आणि कुणी विचारलं तर डिझाइन आहे म्हणून सांगतात. अडलं की मी राजपुऱ्याला व्हिडिओ कॉल लावते. बाई चष्मा पुसतात आणि फोन जवळ धर, आणखी जवळ धर, असं करत माझी चूक शोधून काढतात. मुलगी तिसऱ्या वर्षाला गेली. आता घरात फ्रिज घेतला तरी ती अटी वाचल्याशिवाय पैसे भरू देत नाही, आणि आम्हीही निमूट थांबतो.

गेल्या थंडीत बाई आमच्याकडे आल्या. लॉनवर ऊन चांगलं होतं म्हणून ताटं तिकडेच नेली. मी आमच्या पद्धतीची आमटी केली होती. त्यांनी पहिला घास घेतला, थांबल्या, माझ्याकडे पाहिलं.

"दाल में गुड़ डाला है?"

"थोड़ा सा, आंटी जी. हमारे यहाँ डालते हैं."

त्यांनी आणखी एक घास घेतला, जरा वेळ चावत राहिल्या आणि वाटी पुढे केली. "थोड़ी और दे."